विमानप्रवासात छंदाचा मेटल डिटेक्टर नेताना

मेटल डिटेक्टर म्हटले की बहुतेक मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे देवळाच्या किंवा विमानतळाच्या दारातली चौकट उभी राहते. या लेखातला डिटेक्टर वेगळा आहे. लांब दांड्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी चपटी कॉइल, वरच्या बाजूला छोटा पडदा असलेला कंट्रोल बॉक्स, हात टेकवायला खोबण आणि कानाला हेडफोन, असे हे यंत्र आहे. ते जमिनीपासून दोन बोटे वर धरून डावीउजवीकडे फिरवत चालायचे, आवाज आला की तेवढीच माती हलक्या हाताने उकरायची आणि कुणाचे तरी हरवलेले नाणे, बटण, बक्कल किंवा अंगठी बाहेर काढायची, असा हा छंद आहे. इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत तो चांगला रुजलेला आहे.

मी न्यू जर्सीत राहतो. इंग्लंडमध्ये गव्हाची कापणी होऊन रान मोकळे झाले की गेली काही वर्षे मी सप्टेंबर-ऑक्टोबरात आठवडाभर एसेक्स परगण्यात, कोलचेस्टरच्या आसपासच्या शेतांत, शेतमालकाच्या परवानगीने डिटेक्टर घेऊन फिरतो. कोलचेस्टर म्हणजे रोमनांचे कॅम्युलोड्यूनम असल्यामुळे तिथल्या मातीतून निघणारे काळवंडलेले तांब्याचे नाणे सोळा-सतराशे वर्षांपूर्वीचे असू शकते, आणि ते तळहातावर घेतल्यावर प्रवासाचा शीण कुठच्या कुठे जातो. पण तो आनंद मिळायचा असेल, तर डिटेक्टर आपल्याबरोबर त्याच विमानाने आणि धडधाकट पोहोचला पाहिजे. ते कसे साधायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. डिटेक्टर विमानात नेण्यावर बंदी नाही, परंतु एक्स-रेच्या पडद्यावर तो संशयास्पद दिसतो. गोल गुंडाळलेली तांब्याची तार, तिला जोडलेली जाड केबल, इलेक्ट्रॉनिक डबी, बॅटऱ्या आणि शेजारी धारदार पोलादी हत्यार, हे सगळे एकाच बॅगेत पाहणाऱ्या माणसाने बॅग उघडायला सांगणे हे त्याचे कर्तव्यच आहे. चेक-इन केलेली बॅग तर तुमच्या पाठीमागे, तुम्ही सुरक्षा ओलांडून पुढे गेल्यावर उघडली जाते. म्हणून बॅग अशी भरावी, की तुम्ही समोर नसताना ती उघडणाऱ्या अनोळखी माणसाला आत काय आहे ते मिनिटभरात कळावे आणि सगळे पुन्हा जसेच्या तसे ठेवून ती बंद करता यावी. पुढच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतूनच निघालेल्या आहेत.

बॅग भरताना

डिटेक्टरचा दांडा सहसा दोन किंवा तीन तुकड्यांत सुटतो, आणि सुटे केलेले तुकडे बहुधा मोठ्या सुटकेसमध्ये तिरके बसतात. तुमचा दांडा नुसताच आत सरकणारा, न सुटणारा असेल, तर आधी टेप घेऊन बॅगेची आतली लांबी मोजावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात इकॉनॉमी वर्गाच्या चेक-इन बॅगेला साधारणपणे २३ किलो वजनाची आणि लांबी, रुंदी व उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा असते. लांबुळक्या खास पेट्या दिसायला छान असतात, पण त्या या मर्यादेबाहेर गेल्या तर जादा आकाराचे शुल्क पडते, शिवाय अनेक विमानतळांवर त्या नेहमीच्या पट्ट्यावर न येता वेगळ्या खिडकीशी येतात. माझे मत विचाराल तर कडक कवचाची साधी, जरा जुनी दिसणारी सुटकेस सर्वांत बरी, कारण आत महागडे यंत्र आहे हे ती कुणाला सांगत नाही.

सर्वांत जपण्याची वस्तू म्हणजे कॉइल. ती दांड्याला जिथे जोडली जाते तिथे प्लॅस्टिकचे दोन कान असतात, त्यांच्या मध्ये दांड्याचे टोक बसते आणि आरपार नायलॉनचा बोल्ट जातो. कॉइल दांड्याला तशीच आवळून ठेवली आणि बॅग कुणी आपटली, तर सगळा जोर त्या दोन कानांवर येतो आणि त्यांतला एक मुळापासून तडकतो. माझ्या एका मित्राचे असेच झाले होते. कॉइल आतून पूर्ण ठीक होती, पण दांड्यावर स्थिर राहत नसल्यामुळे प्रत्येक झोक्याला खोटे आवाज देत होती, आणि त्याने आठवडाभर ती चिकटपट्टीने बांधून काढला. म्हणून कॉइल पूर्ण सुटी करावी, तिचे खालचे प्लॅस्टिकचे झाकण काढू नये, आणि ती बॅगेच्या तळाशी नव्हे तर मधोमध, दोन जाड स्वेटरांच्या मध्ये आडवी ठेवावी. केबलची सैल वेटोळी करावीत. केबलच्या टोकाला जोडणीच्या ज्या बारीक पिना असतात त्यांच्यावर टोपी नसेल, तर प्लॅस्टिकची लहान पिशवी रबराने बांधावी. बोल्ट, त्याची चकती आणि दोन रबरी वॉशर एका झिपच्या पिशवीत घालून ती पिशवी दांड्यालाच बांधावी. हे वॉशर नखाएवढे असतात, पण त्यांतला एक हरवला तर कॉइल लोंबकळत राहते आणि परक्या गावात तसाच वॉशर मिळत नाही. मी बोल्ट आणि वॉशरांचा एक जादा जोड नेहमी पाकिटात ठेवतो.

कंट्रोल बॉक्स सुटा होत असेल तर तो केबिन बॅगेत घ्यावा. यंत्राच्या किमतीचा मोठा वाटा त्यात असतो आणि चेक-इन बॅग उशिरा आली तरी तो तुमच्याजवळ राहतो. एक्स-रेमुळे त्याचे काही बिघडत नाही, त्यामुळे त्याची काळजी करू नये. सुरक्षा तपासणीत लॅपटॉप बाहेर काढायला सांगत असतील, तर कंट्रोल बॉक्सही न सांगता ट्रेमध्ये मोकळा ठेवावा.

आता कागदाविषयी. ए-फोर आकाराच्या एका कागदावर पूर्ण जोडलेल्या डिटेक्टरचा रंगीत फोटो छापावा आणि त्याखाली साध्या इंग्रजीत चार ओळी लिहाव्यात: हे छंदासाठी वापरले जाणारे, जमिनीतली नाणी शोधण्याचे यंत्र आहे, ते सुटे करून ठेवले आहे, सुट्या लिथियम बॅटऱ्या बॅगेत नाहीत, त्या केबिनमध्ये नेल्या आहेत, खणण्याचे हत्यार म्यानात आहे. खाली आपले नाव व फोन नंबर लिहावा. हा कागद पारदर्शक पाकिटात घालून सगळ्या सामानाच्या वर, बॅग उघडताच दिसेल असा ठेवावा. अमेरिकेतल्या विमानतळांची सुरक्षा पाहणारी टीएसए ही संस्था बॅग उघडून तपासली की आत छापील सूचना ठेवते, त्यामुळे आपली बॅग उघडली गेली होती हे नंतर कळते. हा कागद ठेवू लागल्यापासून ती सूचना बहुतेक वेळा माझ्या कागदाच्या बरोबर वर ठेवलेली सापडली आहे आणि सामान जागच्या जागी मिळाले आहे. अमेरिकेतून निघताना कुलूप लावायचे असेल तर टीएसए मान्य कुलूपच लावावे, कारण दुसरे कुलूप तोडण्याचा अधिकार त्यांना आहे.

बॅटऱ्या

बॅग अडते ती बहुतेक वेळा बॅटरीमुळे, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. लिथियम-आयन बॅटरीत बिघाड झाला तर ती स्वतःहून पेट घेऊ शकते. केबिनमध्ये धूर दिसताच कर्मचारी काही करू शकतात, विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात ते पोहोचू शकत नाहीत. म्हणून सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत घालायच्या नाहीत, हा नियम जगभर एकच आहे. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी वैयक्तिक वापरासाठी केबिनमध्ये नेता येते. १०० ते १६० वॅट-तासांच्या सुट्या बॅटरीसाठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा दोनच नेता येतात. १६० च्या वरची बॅटरी प्रवासी सामानातून नेता येत नाही.

वेष्टनावर वॅट-तास छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास एवढाच हिशेब करावा; मिलिअँपिअर-तास दिले असतील तर त्यांना आधी हजाराने भागावे. ३.७ व्होल्ट आणि ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८.५ वॅट-तास झाले. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो किंवा बॅलरॅटच्या सोन्याच्या पट्ट्यात वापरतात त्या ताकदवान डिटेक्टरची बॅटरी ७.४ व्होल्ट आणि ९ अँपिअर-तासांची धरली तरी ६६.६ वॅट-तास होतात. छंदाचा डिटेक्टर म्हणूनच १०० ची मर्यादा सहसा गाठत नाही. तरीही बॅटरीवरचे आकडे पुसट झाले असतील तर तपासणीच्या जागी वाद होतो, आणि आकडे न दिसणारी बॅटरी काढून घेतली जाऊ शकते. अशा बॅटरीची माहिती दाखवणारे पुस्तिकेचे पान फोनमध्ये ठेवावे.

बॅटरी यंत्राच्या आतच बसवलेली असेल तर ते यंत्र चेक-इन बॅगेत ठेवता येते, परंतु ते पूर्ण बंद असले पाहिजे आणि धक्क्याने चुकून सुरू होणार नाही अशी सोय केलेली असली पाहिजे. नुसता पडदा काळा होणे म्हणजे बंद होणे नव्हे. फ्रान्समधल्या एक्सपी कंपनीच्या डेउस मालिकेतल्या वायरलेस डिटेक्टरची गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी, कारण त्याच्या कॉइलमध्येच लिथियम बॅटरी असते. दिसायला ती नुसती चकती असल्याने लोक ती निर्धास्तपणे चेक-इन बॅगेत टाकतात. माझा सल्ला असा, की ही कॉइल, तिचा रिमोट आणि वायरलेस हेडफोन हे तिन्ही हातातल्या बॅगेत घ्यावेत; मिळून त्यांचे वजन फार होत नाही.

एए आकाराच्या साध्या अल्कलाइन किंवा रिचार्जेबल निकेल सेलवर चालणारे डिटेक्टर या बाबतीत फार सुटसुटीत आहेत. गॅरेट कंपनीच्या एस मालिकेतले जे डिटेक्टर चार एए सेलवर चालतात, त्यांचे सेल काढून डबीत ठेवले की काम झाले, आणि हे सेल जगात कुठेही विकत मिळतात. बाहेरून तसेच दिसणारे पण लिथियमचे असलेले एए सेल मात्र वेगळे. ते सुटे असतील तर केबिनमध्येच न्यावे लागतात.

पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात बोटाने चाचपावे तसे नेमकी वस्तू शोधणारे हातातले छोटे यंत्र, बहुधा ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालते. या बॅटरीची दोन्ही टोके एकाच बाजूला, उघडी आणि एकमेकांना लागून असतात, त्यामुळे खिशातली किल्ली किंवा नाणे त्यांच्यावर आडवे पडले तर बॅटरी तापते. टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि बॅटरी पिनपॉइंटरमधून नक्की बाहेर काढावी. एका वर्षी मी ती काढली नव्हती. बॅगेत कशाचा तरी दाब पडून पिनपॉइंटरचे बटण दाबले गेले, शेजारच्या पोलादी फावड्यामुळे तो सतत थरथरत आणि आवाज करत राहिला, आणि विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांनी, जे करायला हवे तेच करून, ती बॅग बाजूला काढली. मी इंग्लंडला वेळेवर पोहोचलो. बॅग दोन दिवसांनी आली. आठवड्यातले ते दोन दिवस मी नांगरलेल्या शेताच्या बांधावर उभा राहून इतरांना नाणी काढताना पाहत होतो. ते मला अजून लागते, म्हणूनच हे इतके तपशिलाने लिहीत आहे.

आणखी दोन गोष्टी. विमान भरलेले असले की दाराशी केबिन बॅग काढून घेऊन खाली ठेवतात. त्या क्षणी तुमची केबिन बॅग ही चेक-इन बॅग होते, म्हणून सगळ्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक एका लहान थैलीत, चटकन बाहेर काढता येतील अशा ठेवाव्यात. दुसरे म्हणजे पॉवर बँकेचे नियम २०२५ पासून बरेच आवळले आहेत. उदाहरणार्थ, एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यास मनाई केली असून १०० वॅट-तासांखालची एकच जवळ बाळगू देते, आणि ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवता येत नाही. मुंबई-दुबई-लंडन असा प्रवास करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक कंपनीचा नियम तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचावा.

खणण्याची हत्यारे

फावडे, खुरपे, खणण्याचा सुरा आणि समुद्रकिनाऱ्यावर वापरायचा जाळीचा पोलादी डबा, हे सगळे चेक-इन बॅगेत जाते. त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. टीएसएच्या नियमानुसार ७ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण १८ सेंटिमीटरपेक्षा लांब अवजार केबिनमध्ये चालत नाही, आणि ब्रिटनमध्ये तर पाते किंवा दांडी ६ सेंटिमीटरपेक्षा लांब असलेली अवजारे हातातल्या बॅगेत नेता येत नाहीत. म्हणजे जे लहान अवजार जाताना नेवार्कला सोडतील, तेच येताना हीथ्रोला काढून घेतील. आतल्या माणसाचा हात कापू नये म्हणून धारेवर बागेतल्या रबरी नळीचा चिरलेला तुकडा बसवून वर पट्टी गुंडाळावी. फावडे जड असेल तर ते नेऊच नये. इंग्लंडमध्ये बागकामाच्या कोणत्याही दुकानात लहान फावडे मिळते, आणि दरवर्षी त्याच गावी जाणार असाल तर ते यजमानाच्या कोठीत ठेवून येता येते. माझे तसेच ठेवलेले असते.

कागदपत्रे आणि कायदे

यंत्राच्या खरेदीची पावती आणि अनुक्रमांकाचा फोटो बरोबर असावा, म्हणजे परतताना ही वस्तू परदेशात नवी घेतली का, असा प्रश्न आला तर उत्तर देता येते. अमेरिकेतून निघणाऱ्यांना याहून चांगली सोय आहे: निघण्यापूर्वी सीमाशुल्क खात्याच्या कार्यालयात यंत्र दाखवून ४४५७ क्रमांकाच्या फॉर्मवर नोंद करून घेता येते. भारतातून मौल्यवान वस्तू बरोबर घेऊन जाऊन परत आणणाऱ्यांनाही विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून तसे निर्यात प्रमाणपत्र घेता येते.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे जिथे उतरणार तिथे हे यंत्र चालवणे कायदेशीर आहे का. विमानात नेता आले म्हणजे तिथे वापरता येते असे नाही, आणि कुटुंबाच्या सहलीला जाताना सहज म्हणून डिटेक्टर बॅगेत टाकणारे इथेच फसतात. इंग्लंडमध्ये शेतमालकाची परवानगी असली की शोधता येते, पण संरक्षित स्मारकाच्या जागेवर १९७९ च्या कायद्याने विशेष संमतीवाचून डिटेक्टर चालवता येत नाही. शेजारच्या आयर्लंडमध्ये १९८७ च्या कायद्यामुळे पुरातन वस्तू शोधण्यासाठी परवान्याशिवाय डिटेक्टर वापरणे गुन्हा आहे. फ्रान्समध्ये १९८९ पासून अशा शोधाला शासनाची परवानगी लागते. ग्रीसमध्येही परवाना लागतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात सोने शोधायचे तर आधी 'मायनर्स राइट' हा परवाना घ्यावा लागतो.

भारताबद्दल नातेवाइकांकडून हमखास विचारणा होते. 'येताना ते यंत्र घेऊन ये, जुन्या वाड्याच्या परसात जरा फिरवून बघू', असा फोन मलाही आला आहे, आणि मी मामांना नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हटले. गुप्तधनाच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी सांगितल्या जातात, त्यामुळे त्यांची उत्सुकता मी समजू शकतो. परंतु १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे आणि जमिनीत १० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती व तत्सम वस्तू पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या पायथ्याच्या शेतांत लोक रात्री टॉर्चच्या उजेडात मोहरा शोधायला खणत होते, काहींच्या हातात डिटेक्टरही होते. अशा खणण्याने मातीच्या थरांतली माहिती कायमची पुसली जाते. रायगड, राजगड, शिवनेरी यांसारखे आपले किल्ले त्याच वर्षी जागतिक वारसा यादीत गेले आहेत. तिथे कुणी हे यंत्र घेऊन चढावे, ही कल्पनाही मला सहन होत नाही. त्यामुळे भारतात येताना डिटेक्टर घरी ठेवावा. बरोबरच्या सामानात उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र राहून गेलेले नाही ना, हेही तपासावे, कारण भारतात ते परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे आणि त्यापायी विमानतळांवर प्रवाशांना अटक झाली आहे.

परतीचा प्रवास

सापडलेल्या वस्तू बॅगेत घालून परत यायचे नाही, हे नव्या माणसाला पटायला जड जाते. ब्रिटनच्या मातीत ५० वर्षांहून अधिक काळ गाडली गेलेली पुराणवस्तू देशाबाहेर न्यायची तर तिची किंमत कितीही कमी असली तरी निर्यात परवाना लागतो, आणि हे परवाने आर्ट्स काउन्सिल इंग्लंड ही संस्था देते. त्याआधी वस्तूची नोंद ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली चालणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे करून घ्यावी. वस्तू १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टच्या, म्हणजे तिथल्या गुप्तधनाविषयीच्या कायद्याच्या, व्याख्येत बसत असेल, तर ती सापडल्यापासून किंवा तसे लक्षात आल्यापासून १४ दिवसांत कॉरोनर या स्थानिक न्यायिक अधिकाऱ्याला कळवावे लागते, आणि पुढचा निर्णय होईपर्यंत ती तिथेच राहते. शोधायला सुरुवात करण्यापूर्वीच शेतमालकाशी सापडलेल्या वस्तूंच्या मालकीबद्दल लेखी करार करावा. मी माझ्या वस्तू क्रमांक, तारीख आणि शेताचे ठिकाण लिहिलेल्या छोट्या पाकिटांत घालून यजमानाकडे ठेवून येतो, आणि परवाना झाला की त्या टपालाने येतात. यात कित्येक महिने जातात. मध्यंतरी फोनमधले फोटो असतात.

मातीचेही तसेच आहे. परदेशातली माती परवानगीशिवाय अमेरिकेत आणता येत नाही, आणि शेतावर जाऊन आलात का, असा प्रश्न सीमाशुल्क तपासणीत विचारला जातो. त्याला खरे उत्तर द्यावे. खोटे उत्तर दिले तर दंड होतो, खरे दिले तर फार तर बूट पाहतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या बाबतीत अधिक कडक आहेत, तिथे वापरलेले बूट आणि अवजारे आधीच जाहीर करावी लागतात. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी यजमानाच्या अंगणात बादली घेऊन बसावे. बुटांच्या तळव्यांतल्या खाचा काडीने उकरून मग घासाव्यात, फावड्याच्या दांड्याचा सांधा धुवावा, आणि कॉइलचे खालचे झाकण या वेळी मात्र काढावे, कारण झाकण आणि कॉइल यांच्या मध्ये चमचाभर तरी चिकणमाती बसलेली असतेच. ओल्या फडक्याने पुसून दोन्ही रात्रभर सुकू द्यावेत. गुडघ्याला बांधायच्या गाद्या धुतल्या तरी लवकर वाळत नाहीत, त्या मी तिथेच सोडून येतो.

घरी पोहोचल्यावर, किंवा जाताना मुक्कामी पोहोचल्यावर, बॅग त्याच दिवशी उघडावी. डिटेक्टर जोडावा, गवतावर एक नाणे टाकावे आणि कॉइल त्याच्यावरून दोन्ही दिशांनी फिरवून आवाज पूर्वीसारखाच येतो का ते ऐकावे. मग केबल हलवत पुन्हा एकदा ऐकावे, कारण आतली तार तुटत आली असेल तर ती हलवल्यावरच कळते. काही मोडलेले आढळले तर फोटो काढून, सामानाची चिठ्ठी जोडून विमान कंपनीकडे लेखी तक्रार करावी. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानीची तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराने आलेल्या बॅगेबद्दलची २१ दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककांत, ठरलेली आहे. वरच्या दर्जाच्या डिटेक्टरची आणि त्याच बॅगेतल्या इतर सामानाची किंमत मिळून याच्या पुढे जात असेल, तर चेक-इनच्या वेळी जादा किंमत जाहीर करून तेवढे शुल्क भरावे, किंवा यंत्राचा स्वतंत्र विमा उतरवावा.